मिकी कोरिया : ताजमहाल हॉटेलांतील एक सॅक्सोफोन-वादक

जळकोट (तालुका तुळजापूर) हें आमचें गांव सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर नळदुर्गाच्या पुढें लागतें. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. तथापि हौसेची एखादी वस्तु घ्यावयाची झाली म्हणजे लोक इंग्रजी हद्दींतील सोलापुरास जात. गेल्या मार्गशीर्षांत येथील एका गृहस्थांच्या माडीवर जुन्या पोथ्यांचें गाठोडें आहे असें कळल्यावरून तें पाहण्यास मी गेलों. पोथ्या निघाल्या त्या सामान्यच : शिवलीलामृताच्या दोन प्रती, पांडवप्रतापाचे सुटे अध्याय आणि वाळवीनें खाल्लेलीं कांहीं पंचांगें. परंतु गाठोड्याखालीं पत्र्याची एक पेटी होती व तींत लाखेच्या एकतीस ध्वनिमुद्रिका होत्या. गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, हें तुमच्या कामाचें नाहीं." मीही प्रथम तसेंच समजलों.

घरीं आणून पुसून पाहतां त्यांत 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांतील गीतांच्या मुद्रिका आढळल्या. मुद्रिकेच्या मधल्या कागदी चकतीवर चित्रपटाचें नांव, गाणारांचीं नांवें, संगीतकार सी. रामचंद्र यांचें नांव आणि कारखान्याचा अनुक्रमांक एवढा मजकूर आहे. ज्यांच्या फुंकीनें व बोटांनीं तें संगीत उभें राहिलें त्या वादकांपैकीं एकाचेंही नांव नाहीं. आम्हां पोथ्या चाळणारांस हें चमत्कारिक वाटतें. सामान्यांतील सामान्य लेखकदेखील पोथीच्या अखेरीस आपलें व पित्याचें नांव, शक, तिथि आणि वार घातल्यावांचून लेखणी खालीं ठेवीत नाहीं. आणि त्या एका ओळीवर आपण घराण्यांचे कुलवृत्तांत जुळवितों. येथें लक्षावधि लोकांनीं ऐकलेली कृति, आणि तिला पुष्पिकाच नाहीं!

ही पुष्पिका आजवर कोणीं शोधलीच नाहीं असें नव्हे. ग्रेगरी बूथ या संशोधकानें मुंबईच्या चित्रपट-वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला, व नरेश फर्नांडिस यांनीं २०१२ सालीं मुंबईच्या जाझ-युगावर विस्तृत पुस्तक लिहिलें. दोन्ही ग्रंथ इंग्रजींत आहेत. या त्रैमासिकाच्या वाचकवर्गास तो विषय परका वाटतो, आणि तो तसा नाहीं, हें दाखविण्यापुरता हा लेख आहे. यांतील मुख्य पुरुष मिकी कोरिया. त्यांनीं 'अलबेला'च्या मुद्रिकांत वाजविलें असें माझें म्हणणें नाहीं. परंतु ज्या मंडळींतून ते वादक आले त्या मंडळीचा इतिहास कोरिया यांच्या चरित्रास सोडून लिहितां येत नाहीं.

प्रथम वाद्याविषयीं. सॅक्सोफोन हें बेल्जममधील दिनां गांवीं १८१४ सालीं जन्मलेल्या आदोल्फ साक्स याच्या कल्पनेंतून निघालें, आणि १८४६ सालीं पॅरिस येथें त्यानें त्याचे हक्क नोंदविले. म्हणजे वाद्य पाश्चात्त्यांच्या दृष्टीनेंही अगदीं अर्वाचीन आहे. भरतमुनींनीं वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग केले आहेत. त्यांत याची गणना सुषिरांत. अंग पितळेचें असल्यामुळें कोणी त्यास तुतारी-कर्ण्याच्या पंक्तीस बसवितील, पण तें चूक होय. तुतारींत वादकाचे ओंठ थरारतात. सॅक्सोफोनांत मुखाशीं बांधलेली बोरूची एक पत्ती थरारते. सनईंत अशा दोन पत्त्या असतात. दुसरें साम्य नळीचें. क्लॅरिनेटाची नळी सरळ, वेळूसारखी. सनईची व सॅक्सोफोनाची तोंडाशीं निमुळती व खालीं पसरत गेलेली. या आकारभेदामुळें जोरानें फुंकलें असतां सनई व सॅक्सोफोन बरोबर एक सप्तक वर उडतात, क्लॅरिनेट मात्र सप्तक ओलांडून वरच्या पंचमावर जातें. लग्नसराईंत सोलापूरकडचे बँडवाले येत तेव्हां आमचे आजोबा त्या वांकड्या वाद्यास 'पितळी सनई' म्हणत, आणि आम्ही शाळकरी पोरें हंसत असूं. आजोबांचें वर्गीकरण आमच्यापेक्षां शास्त्रशुद्ध होतें हें कळावयास मला साठी उलटावी लागली. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकराच्या वाद्याध्यायांत 'मधुकरी' नांवाचें सुषिर वाद्य वर्णिलें आहे, व तें सनईच्या जातीचें असावें असें विद्वान् मानतात. त्या दृष्टीनें पाहतां मराठवाड्यास हें वाद्य नातलगांतलेंच म्हणावें लागेल.

आतां मनुष्याकडे वळूं. मिकी कोरिया हे मूळचे गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबांतील. त्यांचा जन्म १९१३ सालीं पूर्व आफ्रिकेंतील मोंबासा बंदरीं झाला. गोवेकराचा जन्म मोंबासास व्हावा यांत त्या काळीं नवल नव्हतें. पोर्तुगीज गोव्यांत शेती व सरकारी नोकरी यांखेरीज पोटाचें साधन थोडें. त्यामुळें तेथील लिहिणारे-वाचणारे तरुण इंग्रजी अमलांतील मुंबई, कराची, ब्रह्मदेश व पूर्व आफ्रिका अशा ठिकाणीं कारकून, शिंपी, आचारी व वादक होऊन पसरले. गोव्याच्या चर्चच्या गांवशाळेंत मुलास प्रार्थनेबरोबर पाश्चात्त्य स्वरलेखन व बहुधा व्हायोलिन शिकवीत. ही शाळा गरीब असे, परंतु तेथून निघालेला मुलगा कोणताही कागद समोर ठेविला तरी वाजवूं शके, आणि हाच गुण पुढें मुंबईंत सोन्याच्या मोलाचा ठरला.

कोरिया यांचें लहानपण व तारुण्याचा आरंभ कराचींत गेला. तेथें गोवेकरांची मोठी वस्ती होती. कोरिया बंधूंनीं तेथें आपला एक नृत्यवृंद उभारला व मग मिकी मुंबईस आले. १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यांतच मोडत होता. तेव्हां कराचीहून मुंबईस येणें म्हणजे परगांवीं जाणें खरें, पण परमुलखांत जाणें नव्हे. फाळणीनंतरच्या नकाशावर बोट ठेवून मागचे प्रवास मोजूं नयेत, असें मला येथें सुचवावेंसें वाटतें.

कोरिया मुंबईस आले तेव्हां तेथें काय होतें? जमशेटजी टाटांनीं बांधविलेलें ताजमहाल हॉटेल १९०३ च्या डिसेंबरांत उघडलें होतें, व तेथें रात्रीं भोजन व युग्मनृत्य यांसाठीं वाद्यवृंद ठेवण्याची वहिवाट होती. १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी या आफ्रिकी-अमेरिकन वादकाचा वृंद तेथें आला, आणि मुंबईनें जाझ हें संगीत जाणत्यांच्या हातचें प्रथम ऐकलें. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ हा तुतारीवादक व टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आले. यांच्या मंडळींत रॉय बटलर व रूडी जॅक्सन हे सॅक्सोफोन-वादक होते. जॅक्सन हा पूर्वी ड्यूक एलिंग्टनच्या वृंदांत वाजवीत असे, म्हणजे तो कोणी किरकोळ असामी नव्हे. स्वदेशांत वर्णभेदामुळें ज्यांस पुढच्या दारानें हॉटेलांत शिरतां येत नसे असे हे गुणी लोक समुद्र ओलांडून पॅरिस, शांघाय, मुंबई अशा शहरीं मानानें राहूं लागले. १९३६ सालीं क्रिकेट स्मिथच्या वृंदानें मेना सायलस यांनीं रचलेलें 'ताजमहाल' नांवाचें नृत्यगीत मुंबईंत ध्वनिमुद्रित केलें. ती मुद्रिका आज संग्राहकांत दुर्मिळ गणली जाते. वेदरफोर्ड पुढें कलकत्त्यास गेला व १९४५ सालीं तेथेंच पटकीनें वारला.

गोवेकर वादकांनीं या मंडळींपाशीं विद्या घेतली ती गंडा बांधून नव्हे. कागद वाचण्यांत गोवेकर कमी नव्हते. परंतु जाझमधील मुख्य भाग कागदावर नसतो, आणि तो जवळ बसून कानानेंच घ्यावा लागतो. वाचकांच्या सोयीसाठीं त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. एका गीताचा सांगाडा बहुधा बत्तीस खंडांचा. प्रत्येक खंडांत चार मात्रा. म्हणजे एकशें अठ्ठावीस मात्रांचें एक आवर्तन झालें. त्याचे आठ-आठ खंडांचे चार चरण पडतात व तिसरा चरण निराळ्या चालीचा असतो, जसा आपला अंतरा. प्रथम सर्वांनीं मूळ चाल वाजवावी. मग एकेकानें उभें राहून त्याच सांगाड्यावर आपल्या बुद्धीनें उपज करावी व आवर्तन संपतां समेवर येऊन जागा दुसऱ्यास द्यावी. आपल्याकडे उपजेच्या खालीं रागाचें बंधन असतें. यांच्याकडे खंडाखंडाला बदलणाऱ्या स्वरसंघातांचें. स्वर सरळ न लावतां खालून ओढून घेण्याची त्यांची रीत मींडेच्या जवळची आहे. पाश्चात्त्य संगीत म्हणजे लिहिलेलें वाजविणें अशी जी आपल्याकडील पंडितांची समजूत, ती येथें लागू पडत नाहीं. उलट, जें लिहिलेलें नाहीं तेंच येथें वादकाचें स्वतःचें.

दुसरें महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ताजमहाल हॉटेलाच्या वृंदाचें नेतृत्व कोरिया यांच्याकडे आलें, आणि तें १९६० च्या सुमारापर्यंत, म्हणजे वीसएक वर्षें, त्यांजकडेच राहिलें. ते स्वतः सॅक्सोफोन व क्लॅरिनेट वाजवीत. या वीस वर्षांत सभागृहांतील माणसें किती बदललीं तें पहावें. आरंभीं इंग्रज अधिकारी, संस्थानिक व धनिक पारशी. मग युद्धकाळीं रजेवर आलेले इंग्रज व अमेरिकन सैनिक. १९४७ नंतर नव्या राज्याचे अधिकारी व व्यापारी. राज्य गेलें, संस्थानें बुडालीं, १९४९ च्या कायद्यानें पुढील वर्षीं मुंबई राज्यांत दारूबंदी आली, आणि तरी रात्रीं ठरल्या वेळीं तोच वृंद वाजत राहिला. हॉटेलाचा नोकर म्हणून यास हिणविणारे हिणवोत. देवळाच्या नगारखान्यांत वतनावर सनई वाजविणाराही नोकरच असतो, आणि राज्यक्रांति झाली म्हणून चौघडा चुकवीत नाहीं.

याच पिढींतील आणखी दोन नांवें सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण नामनिर्णय हा आपला नेहमींचा विषय. रूडी कॉटन या नांवाचा एक नामांकित सॅक्सोफोन-वादक त्या काळीं होता. नांव इंग्रजी, परंतु मनुष्य पारशी, मूळचा कावसजी खटाऊ. खटाऊचें कॉटन हें रूपांतर व्याकरणाच्या कोणत्याही सूत्रांत बसत नाहीं, पण जाहिरातींत बसतें! तसेंच, हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून गाजलेला तुतारीवादक चिक चॉकलेट हा बार्देशांतील आल्डोना गांवचा आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७). हीं टोपणनांवें न उलगडतां केलेली सूचि निरुपयोगी होय.

चिक चॉकलेट यांच्यापाशीं आलों म्हणजे आमच्या पत्र्याच्या पेटीपाशीं परत आलों. सी. रामचंद्र म्हणजे नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–१९८२). त्यांनीं चॉकलेट यांस साहाय्यक म्हणून घेतलें. 'अलबेला'चे दिग्दर्शक व नायक मास्टर भगवान, म्हणजे भगवान आबाजी पालव, हेही मराठीच. त्या चित्रपटांत चॉकलेट व त्यांचे वादक पडद्यावर प्रत्यक्ष दिसतात. हा मान वादकांच्या वांट्यास क्वचितच आला. याच रामचंद्रांनीं १९४७ सालीं ज्या चित्रपटांतील पाश्चात्त्य धर्तीच्या विनोदी गीतानें खळबळ उडविली त्याचें नांव 'शहनाई' असावें, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

हॉटेलांतील पुष्कळ गोवेकर वादक दिवसां चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात व रात्रीं नृत्यशाळेंत वाजवीत. जसजशी नृत्यशाळांची चलती ओसरली तसतसा चित्रपट हाच आधार राहिला. संगीतकार चाल पेटीवर सांगे. ती स्वरलिपींत उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग निराळा लिहून देण्याचें काम सेबास्तियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस अशा मंडळींचें. अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे सासष्टींतील माजोर्ड्याचे. त्यांनीं १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणांत भारतीय रागांवर आधारलेल्या वृंदसंगीताचा जलसा केला. त्यांचें नांव साऱ्या देशास ठाऊक आहे, परंतु तें १९७७ च्या एका विनोदी चित्रपटगीतामुळें, कारण त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं गुरूचें नांव पात्रास देवविलें. नांव उरलें आणि त्याचा धनी हरपला, असा हा प्रकार.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें लिहिणें प्राप्त आहे. त्याच गोव्यांतून केरीच्या केसरबाई आल्या, मंगेशीचे दीनानाथ आले. त्यांचीं चरित्रें, आठवणी, घराण्यांच्या वंशावळ्या आपण मराठींत आदरानें लिहिल्या, आणि तें योग्यच केलें. परंतु त्याच गोव्यांतून त्याच मुंबईस आलेल्या, धर्मानें ख्रिस्ती व पोषाखानें साहेबी अशा वादकांस आपण आपल्या इतिहासांत ओसरीवरसुद्धां घेतलें नाहीं. त्यांची भाषा कोंकणी, त्यांचें वाद्य परकीय, त्यांचें स्थान हॉटेल. एवढ्या तीन कारणांनीं तें झालें असावें. वाद्य परकीय हें कारण तर हास्यास्पद आहे. व्हायोलिन कर्नाटकांत देवळापर्यंत गेलें आणि हार्मोनियम आमच्या कीर्तनांत, तेव्हां तीं कोणीं परत धाडलीं नाहींत. खुद्द सॅक्सोफोनासही पुढें तीच वाट मिळाली. नागस्वरम् वाजविणाऱ्या पित्याचे पुत्र कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनीं म्हैसूरच्या राजवाड्यांतील बँडांत हें वाद्य ऐकलें, त्याच्या किल्ल्यांत सोईस्कर फेरफार केले, व कर्नाटक संगीत त्यावर असें बसविलें कीं १९८० सालीं मुंबईच्या जाझ-महोत्सवांत जॉन हँडी हा अमेरिकन सॅक्सोफोन-वादक आपण होऊन त्यांजबरोबर वाजवावयास उभा राहिला.

त्या महोत्सवाचा आरंभ १९७८ सालचा. निरंजन जव्हेरी यांच्या खटपटीनें तो भरला व सॉनी रोलिन्स यांच्यासारखा थोर सॅक्सोफोन-वादक त्यास आला. तेथें वाजविणाऱ्या देशी वादकांत तिसवाडींतील नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस हे अग्रेसर. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर लुई बँक्स यांच्या संगतींत त्यांची कला वाढली, १९७० सालीं राग व पाश्चात्त्य ताल यांच्या मिश्रणाची त्यांची एक मुद्रिका निघाली, आणि ते चिक चॉकलेट यांचे जामात. कोरिया यांच्या कन्या क्रिस्टीन याही न्यूयॉर्कमध्यें जाझ-गायिका म्हणून नांवाजल्या. वारसा असा लेकींच्या बाजूनेंही चालला हें वंशावळी करणारांनीं ध्यानांत ठेवावें.

या सर्व इतिहासाचीं साधनें कोणतीं? नृत्यशाळेंत वाजलेली उपज त्या रात्रीं हवेंत विरून गेली. लाखेच्या मुद्रिकेची एक बाजू तीनएक मिनिटांची. तींत एकट्या सॅक्सोफोनास दहा-पंधरा खंड मिळाले तर भाग्य. चित्रपटांसाठीं हातानें लिहिलेले स्वरलिपीचे भाग ध्वनिमुद्रण आटोपतांच निरुपयोगी ठरत, व बहुतेक रद्दींत गेले. तीं हस्तलिखितेंच होतीं. शाईचीं, सहीचीं, कधीं तारखेचींही. मोडीचा कागद वाण्याच्या पुडींतून सोडवून आणणाऱ्या राजवाड्यांचें नांव घेणारे आपण, आणि हे कागद आपल्या डोळ्यांदेखत गेले. आतां उरलीं तीं छायाचित्रें, हॉटेलांच्या भोजनपत्रिका, वर्तमानपत्रांतील जाहिराती आणि माणसांच्या आठवणी.

आठवणींविषयीं माझाही एक अपराध नमूद करतों. १९८६ सालीं संगीतरत्नाकराच्या वाद्याध्यायांतील पाठ ताडून पाहण्यासाठीं मी मुंबईस एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयांत तीन दिवस बसलों होतों. सायंकाळीं अपोलो बंदरावर वारा खावयास जाई व ताजमहाल हॉटेलाच्या कठड्याशीं उभा राही. सातशें वर्षांपूर्वीच्या मधुकरीला किती छिद्रें असावींत याचा विचार माझ्या डोक्यांत घोळत होता. ज्या मनुष्यानें त्याच इमारतींत वीस वर्षें सुषिर वाद्य वाजविलें तो तेव्हां हयात होता, आणि त्यास विचारतां येण्यासारखे प्रश्न पुष्कळ होते : पत्ती कोठून येई, ती पावसाळ्यांत कशी वागे, कागद लंडनहून येत कीं न्यूयॉर्कहून, उपज करण्याची मुभा वृंदांत कोणास असे. मला त्याचें नांवही ठाऊक नव्हतें. कोरिया २०११ सालीं वारले. त्यांचें वय तेव्हां अठ्ठ्याण्णवाच्या घरांत होतें. म्हणजे माझ्या त्या मुंबईच्या फेरीनंतर पंचवीस वर्षें मला मिळालीं होतीं.

पेटींतील एकतीसपैकीं चार मुद्रिका तडकलेल्या आहेत. बाकीच्यांच्या चकत्यांची नक्कल, अनुक्रमांकांसह, मीं करून ठेविली आहे व ती मंडळाच्या दप्तरीं पाठवीत आहें. गृहस्थांनीं मुद्रिका देण्याचें कबूल केलें असून फक्त पेटी परत मागितली आहे. ज्या संग्राहकांपाशीं मुंबईंत मुद्रित झालेल्या १९३५ ते १९५० पर्यंतच्या नृत्यसंगीताच्या मुद्रिका, अथवा वाद्यवृंदाचे हस्तलिखित भाग असतील, त्यांनीं चकतीवरील सर्व मजकूर अक्षरशः उतरून मंडळाकडे कळवावा. चकतीच्या कडेलगत, चरे संपतात तेथें लाखेंत कोरलेले बारीक अंक असतात. ते दिवा तिरपा धरल्यास वाचतां येतात, आणि तेही उतरून घेण्यास विसरूं नये.